थडग्याला घातलेलं पाणी

गुरुवार, ८ ऑक्टोबर

नोल्फाताई,

तुझं पत्र ऑगस्टात आलं आणि उत्तराला मी आज बसलोय. आजारी नव्हतो, कागद होता, पेनही चालत होतं. रोज सकाळी म्हणायचो आज लिहू, आणि रोज काहीतरी निघायचं. एकदा तर तुझं नाव लिहूनही झालं होतं. तेवढ्यात कुत्रं भुंकलं म्हणून उठलो, तो बाल्दोमेरोकाकांच्या दाराच्या बिजागऱ्या बसवूनच परत आलो, आणि तोवर कागद वाऱ्यानं कुठे नेला देव जाणे. तू म्हणशील, ह्याचं हे जन्माचंच. म्हण.

मार्चपासून मी इथंच आहे, सांता ग्रिसेल्दात. सात महिने एका जागी! शोऱ्याच्या कारखान्याची नुसती हाडं उरलीत. पत्रे, रूळ, आपल्या शाळेचा दरवाजा, सगळं कोणी ना कोणी उचलून नेलं. दफनभूमी तेवढी शाबूत. तिच्या राखणीला नातेवाइकांच्या मंडळानं बाल्दोमेरोकाकांना ठेवलंय, आणि काकांनी मला. कारखान्याचा भोंगा वाजवायचे तेच हे. भोंग्यानंच एक कान गेला. दर शुक्रवारी एवारिस्तो टँकर घेऊन येतो, आमची दोन पिंपं भरतो आणि पत्रं घेऊन जातो. हे उद्या त्याच्याकडे देईन.

आता तुझ्या मुद्द्याचं. एक नोव्हेंबरला सगळे आपापल्या गेलेल्या माणसांकडे येतात, तेव्हा तूही येणार म्हणतेस, अठरा वर्षांनी. आईची शवपेटी उघडायची परवानगी काढलीयस. तिचं तोंड बघायचंय तुला, कारण ते मी तुला बघू दिलं नाही.

खरं आहे. तू घर सोडलंस तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. का सोडलंस ते मला कोणी सांगितलं नाही, बाबांचा आवाज तेवढा भिंतीतून ऐकू आला होता. पण आई गेली तेव्हा मी एकवीसचा होतो, तेव्हाचं कारण सांगता येत नाही. तुला तार करायला म्हणून निघालो आणि वाटेत तो कांद्याचा ट्रक भेटला. तारेचा मजकूर अकरा दिवस माझ्या खिशात होता. ट्रकवाल्याला एका खेचराचं गाणं येत होतं, बावीस कडव्यांचं, आणि प्रत्येक कडव्यात ते खेचर… जाऊ दे. त्यानंतर सहा वर्षं तू मला एक ओळ लिहिली नाहीस, बरोबरच केलंस.

आणि तुझं म्हणणंही बरोबर आहे. तुमच्याकडे वाल्दिव्हियात माणूस पुरला की महिन्यात पेटीला शेवाळ धरतं. इथं या कोरड्या वाळवंटात तसं नाही. सिफुएन्तेस मास्तरांची पेटी हलवताना आपण कुंपणावरून बघितलं होतं, आठवतं? त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि मिशीचा पीळ तसाच. तू म्हणालीस, आता हजेरी घेतील. मी तीन दिवस शाळेत गेलो नव्हतो.

तेव्हा आईही तशीच असणार. ती डावी भुवई वर चढलेली, समोरच्याचा एक शब्द खरा वाटत नसल्यासारखी. तू ये. मी तिच्यासाठी इथं एक छोटंसं काम केलंय, तुला आवडेल. आल्यावर बघ.

तुझा भाऊ,
एलिसेओ


शुक्रवार, १६ ऑक्टोबर

ताई,

एवारिस्तो पिंपं भरतोय तेवढ्यात लिहितो. एक विचारायचं होतं. पेटी उघडायलाच हवी का? मी आपलं म्हणतो, माणूस जसं आठवतं तसं असू द्यावं. शिवाय यंदा वारा फार आहे. पुढच्या वर्षी हमरस्त्यापासून इथवर डांबर टाकणार आहेत म्हणे, तेव्हा आलीस तर हाल होणार नाहीत.

इकडचं बाकी ठीक. सकाळी धुकं येतं, समुद्रावरून डोंगर चढून. पूर्वी इतकं आत येत नसे. दहापर्यंत निघून जातं. मग ऊन तापलं की जमिनीवरची मिठाची पापडी तडकायला लागते. तो आवाज तू विसरली नसशील. टक्, टक्. कोणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. आई म्हणायची, जमीन जागी झाली. हल्ली तो चारही बाजूंनी येतो, एक बाजू सोडून. आईच्या रांगेकडून येत नाही. तिथली जमीन गप्प झालीय.

आणि माश्या आल्यात. सात महिन्यांत मी इथं एक माशी बघितली नव्हती. परवा सूपच्या वाडग्यात पडली. काकांनी ती चमच्यावर काढली आणि उजेडात धरून बराच वेळ बघितली.

‘ही कुठून आली?’

‘एवारिस्तोच्या गाडीतून असेल.’

‘गाडी शुक्रवारी आली. आज बुधवार.’

‘मग चालत आली असेल.’

हसले नाहीत. म्हणाले, ‘आणि पिंपांचं काय? एक म्हातारा, एक उंडगा आणि एक कुत्रं मिळून आठवड्याला दोन पिंपं पितात होय रे? गाढव पाळलंयस का कुठे?’

‘आंघोळ करतो मी.’

‘तू? अंगाला वास तर येत नाही केल्याचा.’

एवारिस्तो हॉर्न वाजवतोय. ‘राजे, प्रेमपत्र संपलं का? माझ्या सासूबाईसुद्धा इतकं लिहीत नाहीत,’ म्हणतोय. थांबतो. ताई, यंदा नको येऊस. खरंच नको.

एलिसेओ


शनिवार, २४ ऑक्टोबर

ताई,

काल तुझी तार आली. ‘एक तारखेला येते. थांबवू नकोस.’ म्हणजे हे पत्र पोस्टानं तुला गाठणार नाही. तरी लिहितो. तू गाडीतून उतरलीस की हातात देईन आणि तुझं वाचून होईस्तोवर लांब उभा राहीन.

मी आईच्या थडग्याला पाणी घातलं.

एकदा नाही. मार्चपासून, रोज, एक बादली.

कसं झालं सांगतो. तुमच्या दक्षिणेत मी दोन हंगाम सफरचंदं तोडली. तुझ्या दारापर्यंतही आलो होतो एकदा, स्वयंपाकघरात दिवा होता, कोणी तरी हसलं, मी मागे फिरलो. तेही असो. तिथली थडगी मी बघितली. हिरवीगार. वर फुलं होती, खरी, तिथंच उगवलेली, त्यांच्यावर भुंगे. मला आपल्या आईच्या क्रूसावरची फुलं आठवली, दुधाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली, आणि लाज वाटली. म्हटलं जन्मभर ती बाई उन्हात भाजली, तिच्या डोक्याशी एक झाड असावं. तामारुगोचं कमरेएवढं रोप मिळालं. आपल्याच वाळवंटातलं, काटेरी, चिवट. लावलं. आता माझ्या डोक्यावर गेलंय. सात महिन्यांत इतकं वाढू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं, आईला आवडलं असेल.

नियम मला माहीत नव्हता असं नाही. फाटकाशी दगडी कट्टा आहे, त्यावर पाण्याच्या बाटल्या काढून ठेवायच्या. थडगं कुंचल्यानं झाडायचं, फडकं ओलं करायचं नाही. बायका फाटकाबाहेर रडून घेतात, डोळे कोरडे करतात आणि मग आत येतात. लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं म्हाताऱ्यांची खुळं.

सोमवारी काकांनी मला बादलीसकट धरलं. ओरडतील वाटलं. ते खाली बसले, काळ्या पडलेल्या जमिनीवर तळहात टेकवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

‘किती दिवस?’

‘मार्चपासून.’

‘अरे गाढवा! ही जमीन म्हणजे काय माती वाटली तुला? मीठ आहे, मीठ. मिठानं धरून ठेवलंय या सगळ्यांना. त्यालाच पाणी पाजलंस, आता कोण धरणार?’

‘झाडापुरतंच घातलं, काका. आईला सावली—’

‘सावली! ऊन लागतंय म्हणून तक्रार केली होती का तिनं?’

कुत्रंही आत यायला तयार नव्हतं, फाटकाशीच बसलं होतं. शेवटी काका म्हणाले, ‘माझी इमेल्दा सात थडगी सोडून आहे. हिरव्या झग्यात ठेवलीय तिला. माझं झालं की पेटी उघडा, मला तिच्याकडे तोंड करून झोपवा, एवढंच मागितलंय मंडळाकडे. दुसरं काही मागितलं नाही.’

त्या दिवसापासून पाणी बंद. त्या काळ्या ओल्या डागाच्या कडेनं मी दगड मांडले. सकाळी बघतो तर दगड डागाच्या आत. थेंब पडला नव्हता, आणि पाऊस तर इथं मी जन्मात बघितला नाही. पुन्हा कडेला मांडले. पुन्हा आत. काका म्हणाले, हे झाड पानांनी धुकं पितं आणि पोट भरलं की मुळांतून खाली सोडतं. आणि मीठ एकदा ओलावलं की हवेतली ओल आपणहून ओढतं. म्हणजे आता माझी गरजच नाही. दुपारी डागाची कड पांढरी होते, पहाटे काळी. पांढरी होताना आत सरकते, काळी होताना बाहेर. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. मी जास्त वेळ बघत नाही.

आईचा क्रूस आधी भिंतीकडे कलला होता. आता माझ्या खोलीकडे कललाय.

आज दुपारी झाड तोडलं. बुंध्यातून पाणी आलं. काकांनी त्यावर मिठाचं ढेकूळ दाबून धरलं, आणि ते त्यांच्या मुठीत विरघळलं. आई आणि इमेल्दाकाकूंच्या मधल्या सातांपैकी तीन थडगी काळी झालीत.

तुझं पत्र, तार, सगळं पुन्हा वाचलं. ‘तिचं तोंड बघू दे’, एवढंच तू मागतेस.

एलिसेओ


शनिवार, ३१ ऑक्टोबर

ताई,

उद्या येशील. काल आम्ही आईला उघडलं. तुझा मान होता, तुझ्याआधी कोणी हात लावायला नको होता, ते कळतं मला. पण काका म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीकडे जमीन अजून कडक आहे. तिथं हलवली तर आई वाचेल, आणि खड्ड्याला ऊन लागलं तर बाकीचेही वाचतील.

एवारिस्तो टँकर उभा करून मदतीला आला. भर बाराच्या उन्हात. तो घरून पहार घेऊन आला होता, कारण इथं खणायचं म्हणजे पहार लागते, सुरुंग लावावा लागतो कधीकधी. आईच्या थडग्याला पहार लागलीच नाही. पहिल्या घावाला फावडं दांड्यापर्यंत आत गेलं.

‘हे काय?’ तो म्हणाला. ‘लोणी आहे का खाली?’ आणि फावडं उपसून त्यानं त्याचं पातं बोटानं चाचपून बघितलं.

पेटीचं झाकण आम्हाला उचलावं लागलं नाही. ते आतून उचललं गेलं होतं. घाबरू नकोस, मुळं होती. बारीक, पांढरी, ओली, केसांसारखी. फटीतून आत गेली होती आणि सगळी एकाच दिशेला गेली होती. हातांकडे एक नाही. पायांकडे एक नाही. सगळी तोंडाकडे. तिथं ती इतकी दाट विणली गेली होती की कोणी रुमाल पसरलाय असं वाटावं. आणि त्या रुमालाला आईचं तोंड होतं, ताई. नाक होतं, गालाची हाडं होती. डावी भुवई वर चढलेली होती.

झाड तोडून सहा दिवस झाले होते. मुळं ताजी होती.

काकांनी टोपी काढली. ‘बाई,’ ते म्हणाले, ती ऐकतेयच अशा आवाजात, ‘रागावू नका. पोरानं मायेनं केलंय.’

मी खाली उतरलो. म्हटलं मुळं बाजूला करावीत, खालचं तुझ्यासाठी वाचवावं. कानाजवळ एक कड उचलली. खाली काही नव्हतं. ओली माती होती. जे काही तोंड होतं ते मुळांतच होतं. मी कड सोडली, तर ती आपसूक जागेवर जाऊन बसली, कोणी पांघरूण ओढून घ्यावं तशी.

मग ऊन लागलं. अर्ध्या तासात ती पिवळी पडली, आखडली. वाऱ्याची एक झुळूक आली. मी दोन्ही हातांनी झाकायला गेलो, पण ती बोटांतून भुगा होऊन गेली.

बाकीची आई शाबूत आहे. हात तर अगदी जसेच्या तसे, नखांच्या कडेला कपडे धुवायच्या सोड्यानं पडलेल्या चिरांसकट. तिला भिंतीकडे नेलं, तिथं मात्र पहारीनंच खणावं लागलं, इतकी जमीन कोरडी. डोक्याशी आम्ही काही ठेवलं नाही. तोंडाच्या जागेवरचा रुमाल मात्र आता खरा, एवारिस्तोनं खिशातला दिला, धुतलेला. डाग आज सकाळी पहिल्यांदाच मागे हटलाय. दगडांच्या आत बोटभर. काका रांगत जाऊन बघून आले आणि इमेल्दाकाकूंच्या थडग्याशी बसून राहिलेत.

आता माझं. जे बघायला तू एवढ्या लांबून येतेयस ते मी दोनदा घालवलं. एकदा तार केली नाही तेव्हा, आणि एकदा पाणी घातलं तेव्हा. सकाळी मी बोचकं बांधलं. खरं सांगतो. हमरस्त्यावर कोणतंही वाहन मिळतं, मला तर नेहमी मिळालंय. बोचकं बांधून दारात बसलो आणि मग म्हटलं आधी हे लिहून टाकू, आणि लिहिता लिहिता

थांब. काका हाका मारतायत.

*

परत बसलोय. अक्षर लागलं नाही तर चालवून घे.

फाटकात आई उभी होती.

तेच रुंद कपाळ, त्याच गालाच्या वर आलेल्या कडा, तीच भुवई. तरुण. अंगावर आपल्याकडे कोणी घालत नाही असा रेनकोट, उन्हात, गळ्यापर्यंत बंद. काल जे माझ्या बोटांतून गेलं ते दुपारी दोन वाजता फाटकात उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

माझ्याआधी काका हलले. हळूहळू तिच्याजवळ गेले आणि एक बोट तिच्या गालाला लावून बघितलं.

‘काय करताय, आजोबा?’

‘काही नाही, पोरी. कोरडी आहेस ना, ते बघितलं.’

‘घामानं भिजलेय. हमरस्त्यापासून चालत आले, बसवाल्यानं मधेच उतरवलं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्ही एलिसेओमामा ना?’

मामा म्हणाली मला.

सतरा वर्षांची आहे म्हणाली. सतरा वर्षं, ताई! तू आईलाही नाही कळवलंस. बाबांचा तो आवाज कशासाठी चढला होता ते मला आज कळलं. मी तुला काही बोलत नाही, माझ्या खिशात अकरा दिवस होते, तुझ्या खिशात सतरा वर्षं, एवढंच.

तिनं सगळं सांगितलं. तू खाली गावात, खाणावळीच्या खोलीत बसलीयस. दोनदा निघालीस आणि दोनदा जिन्यावरूनच परत गेलीस. मग तिला पुढे धाडलंस.

‘आईला आजीचं तोंड आता आठवत नाही,’ तिनं मला सांगितलं. ‘आठवायला गेली की माझंच येतं म्हणते. म्हणून तिला एकदा खरं बघायचंय. वेडं वाटतं ना? मी तिला म्हटलं, असं कसं होईल.’ मग जरा थांबून विचारलं, ‘मामा, आजी माझ्यासारखी दिसायची?’

काका माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. तिला एवढंच सांगितलंय, बाकीचं तुझं तू वाच.

ती आता माझ्या बोचक्यावर बसून पेलाभर पाणी पितेय आणि हे लिहून व्हायची वाट बघतेय. पत्र तिच्याच हाती देतो. तिच्याबरोबर वर ये.

एलिसेओ